फड पेटला नाही ती संध्याकाळ

समजा, तुम्ही एका बैठ्या इमारतीच्या छताच्या पोकळीत पालथे पडला आहात. डोक्यावर वीतभर अंतरावर तापलेला पत्रा. पोटाखाली लाकडी वासे. दोन वाशांच्या मधे जे पांढरं प्लास्टर दिसतंय त्यावर चुकून गुडघा टेकलात, तर थेट खाली कुणाच्या तरी पलंगावर उतराल. समोर खोल्यांना हवा पुरवणारा पत्र्याचा चौकोनी डक्ट आहे. त्याला तुम्हाला दोन भोकं पाडायची आहेत. ड्रिल सुरू झालं की डक्टभर असा आवाज घुमतो की दात शिवशिवतात. कापलेल्या कडा कानसीने घासायच्या, आणि पत्र्याचा कीस आत पडू द्यायचा नाही, कारण आत पडलेला कण उद्या कुणाच्या तरी उशीवर जाणार. मग एका भोकातून लांब नळी आत सरकवायची. तिच्या अंगावर बासरीसारखी ओळीने बारीक छिद्रं असतात. ती सगळी येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून हवीत. पण नळी आत गेली की छिद्रं दिसत नाहीत. बाहेर राहिलेल्या टोकावर आधीच पेन्सिलने खूण केलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवायचा. दुसऱ्या भोकातून आखूड नळी. वारा लांब नळीतून बाहेर बसवलेल्या डिटेक्टरच्या डबीत येतो, डबीतला डोळा त्यात धूर आहे का बघतो, आणि आखूड नळीतून वारा परत जातो. धूर दिसला की पंखा बंद, खाली घंटा.

नळी उलटी बसली तरी काही बिघडल्यासारखं दिसत नाही. हिरवा दिवा लागतो, कागदावर सह्या होतात. डबी मात्र आग लागली तरी गप्प बसते.

नेरीना जारोला एकतीस वर्षं हे काम करत आली आणि तिची एकही नळी उलटी बसली नव्हती. हे ती स्वतः कधी सांगत नसे. गावातले सांगत.

ऑस्ट्रेलियातल्या बर्डेकिन नदीच्या दक्षिण काठावर जारोलांचा ऊस तीन पिढ्यांचा. आजोबा इटलीहून ऊस तोडायला आले, बापाने जमीन केली, आणि वाटणीची वेळ आली तेव्हा जमीन दोन्ही भावांना गेली. बाप नेरीनाला म्हणाला, "तू काय, चांगल्या घरी पडशील." ती क्लॅरी मालोंच्या वायरिंगच्या दुकानात जाऊन पडली. वीस वर्षांची होती. गावात तोवर कुणी मुलगी वायरमन झालेली नव्हती, आणि मुलाखतीत क्लॅरी काकांनी एवढंच विचारलं, "पालींना घाबरतेस का? छतात असतात."

"पालीच मला घाबरतात."

"मग सोमवारी ये."

क्लॅरी काकांच्या पणजोबांना समुद्रातल्या बेटांवरून जहाजात घालून इथे ऊस तोडायला आणलं होतं. काका म्हणायचे, "पोरी, आपले दोघांचेही पूर्वज ऊसच तोडायला आले. तुझे तिकीट काढून, माझे तिकिटाशिवाय." आणि मग स्वतःच हसायचे. नेरीनाला हसावं की नाही ते कळायचं नाही. दहा वर्षांनी कळलं, की हसलेलं त्यांना चालतं.

त्यांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती ओल्या बोटाची. डक्टाला भोक पाडलं की बोट तोंडात घालून ओलं करायचं आणि भोकात धरायचं. बोटाची जी बाजू गार पडेल तिकडून वारा येतो. ती म्हणाली, "पण काका, नकाशावर बाण काढलाय की."

"नकाशावरचा बाण कागदावर वाहतो. तू बोट घाल."

आता काका एक्याऐंशी वर्षांचे होते. छातीने दगा दिलेला. नदीकाठच्या वृद्धनिवासात सात नंबरच्या खोलीत असायचे, नाकाला ऑक्सिजनची नळी. नेरीना दर गुरुवारी संध्याकाळी त्यांना भेटायला जाई. त्या इमारतीच्या डक्टातला डिटेक्टर तिनेच बसवलेला. काका झोपल्या झोपल्या छताकडे बोट दाखवून नव्या माणसांना सांगत, "हा माझ्या पोरीने बसवलाय."

आणि त्या डिटेक्टरने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता.

वृद्धनिवासाच्या तिन्ही बाजूंना ऊस. जूनमध्ये गाळप सुरू झालं की नोव्हेंबरपर्यंत रोज संध्याकाळी कुठे ना कुठे फड पेटतो. वारा पडला, दव धरायला लागलं, की शेतकरी पाचट जाळतो. वीस मिनिटांत फड उभ्याउभ्या काळा, आणि सकाळी तोडणीचं यंत्र आत. त्या महिन्यांत इथे कुणी कपडे बाहेर वाळत घालत नाही. काजळीच्या लांब काळ्या पट्ट्या आभाळातून तरंगत येतात आणि पांढऱ्या चादरीच शोधून काढतात. तोच धूर बाहेरची ताजी हवा घेणाऱ्या जाळीतून डक्टात शिरे. डिटेक्टरला ऊस काय आणि गादी काय, धूर तो धूर. घंटा वाजे. नियमाप्रमाणे बहात्तर म्हाताऱ्या माणसांना चाकाच्या खुर्च्यांवर घालून, हाताला धरून, बाहेर हिरवळीवर आणावं लागे, जिथे धूर आतल्यापेक्षा जास्त असे.

"या आठवड्यात तिसऱ्यांदा," बारा नंबरच्या मिसेस ऑलरटन मांडीवर सुपाचा वाडगा धरून म्हणायच्या. "जळून मरायच्या आधी मी गार सुपाने मरेन."

मागच्या वर्षी एक आजोबा हिरवळीवर पाय अडकून पडले आणि खुबा मोडला. त्यानंतर व्यवस्थापक ग्वेन्डाने नेरीनाला बोलावून घेतलं.

"जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तो डिटेक्टर बंद करून टाक. तू सही कर, मी करते."

"नाही करणार."

"का? गावात सगळे करतात."

"माहिती आहे. पण माझा माणूस सात नंबरमध्ये त्याच डक्टातली हवा खातो."

"माझी बहात्तर माणसं खातात, बाई! आणि त्यातल्या एकाचा खुबा तुझ्या डबीने मोडला. एकदा खरी आग लागली ना, तर कुणी खुर्चीतून उठणारसुद्धा नाही. म्हणतील, ऊस असेल."

हे मात्र खरं होतं. ज्या घंटेवर कुणाचा विश्वास नाही ती नसल्यातच जमा. नेरीनाने उपाय सांगितला. बाहेरच्या जाळीपाशी आणखी एक डिटेक्टर बसवायचा. बाहेरच्याला आधी धूर दिसला तर तो फक्त बाहेरची हवा बंद करील, घंटा वाजणार नाही. बाहेरचा गप्प आणि आतला ओरडतोय, तर आग घरातच आहे. दीड दिवसाचं काम. ग्वेन्डाला पटलं. तिने ब्रिस्बेनच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं. कार्यालयाने कळवलं की विचार चालू आहे. तो चालूच राहिला.

तोपर्यंत काय करायचं, ते नेरीनानेच ठरवलं.

इथला रिवाज असा, की फड पेटवायच्या आधी शेतकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करतो. कुणाचे कपडे बाहेर असतात, कुणाच्या पोराला दमा असतो, कुणी पाण्याची टाकी घेऊन मदतीला येणार असतो. वृद्धनिवासालाही फोन येई. स्वागतकक्षातल्या फळ्यावर नाव आणि वेळ लिहिली जाई: पिरोने, पूर्वेचा फड, सहा वाजता. नेरीनाने घंटेच्या पॅनेलशेजारी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला. घंटा वाजली की फळा बघा. फळ्यावर नाव असेल तर वास घ्या. उसाचा असेल तर एकदा रीसेट करा. पुन्हा वाजली तर मात्र सगळ्यांना बाहेर काढा.

रीसेट केलं की पंखा आपोआप पुन्हा सुरू होई. त्यात तिला तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

त्या हंगामात कागदाने छान काम केलं. घंटा अकरा वेळा वाजली, अकराही वेळा फळ्यावर नाव होतं, अकराही वेळा ऊस निघाला. मिसेस ऑलरटनचं सूप गरम राहिलं. ग्वेन्डाने नेरीनाला नारळाचा कीस लावलेला केक पाठवला.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी नेरीना कागदात गुंडाळलेला तळलेला मासा घेऊन काकांकडे गेली. पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून सगळ्या खोल्यांचे पडदे ओढलेले होते. काकांनी मासा हुंगायचा प्रयत्न केला आणि मान हलवली.

"या नळीमुळे काही कळत नाही. मुलेट आहे का?"

"बारामुंडी."

"खोटं बोलतेस. बारामुंडी असता तर तू आधी स्वतः खाल्ला असतास."

"मुलेटच आहे. खा गुपचूप."

सहा वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली. काकांनी कपाळाला आठी घातली. नेरीना बोटं पुसत बाहेर आली. पॅनेलपाशी सालोटे उभी होती, फिजीहून आलेली परिचारिका, कामावर लागून तीनच महिने झालेली. तिचं एक बोट कागदावर होतं.

"ताई, बरं झालं तुम्ही आहात. फळ्यावर नाव आहे. पिरोने, सहा वाजता. मग आता वास घ्यायचा ना?"

नेरीना तिथेच उभी राहिली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. आला. गुळाची कढई बुडाला लागल्यासारखा गोड, करपट, घशाला चिकटणारा वास. लहानपणापासून हाच वास म्हणजे शाळा सुटली, बाप घरी आला, जेवायला बसा.

"ऊसच आहे. कर रीसेट."

सालोटेने बटण दाबलं. छतातून पंख्याची घरघर पुन्हा सुरू झाली. नेरीना खोलीत परत आली.

"आभाळ बघितलंस?" काकांनी विचारलं.

"पडदे लागलेत, काका. आल्डो पिरोनेचा फड आहे. तुम्ही मासा खा."

सात मिनिटांनी घंटा दुसऱ्यांदा वाजली, आणि या वेळी नेरीनाने वर बघितलं तेव्हा काकांच्या पलंगावर छतातल्या जाळीतून करडा धूर रेघेसारखा खाली येत होता. त्यात गोडवा नव्हता. जळक्या रबराचा वास होता.

ती धावली. मागच्या बाजूच्या यंत्रखोलीत पंख्याचं बेअरिंग जाम झालं होतं. मोटर तरीही त्याला ओढत होती आणि पंखा रडतखडत फिरत होता. पट्टा जळून त्याचे पेटते तुकडे हवेच्या गाळणीवर पडले होते, आणि गाळणी धुमसत होती. पहिली घंटा वाजली तेव्हा पंखा थांबला होता. पट्टा तेव्हा निवला असता. रीसेटने त्याला पुन्हा फिरवलं होतं. हे सगळं तिला मुख्य खटका खाली ओढताना, म्हणजे एका क्षणात कळलं, आणि मग कळायला वेळ नव्हता. तिने आग विझवायचं लाल नळकांडं गाळणीवर रिकामं केलं आणि आत पळाली.

सालोटे तोवर खुर्च्या बाहेर ढकलत होती. या वेळी कुणी सुपाबद्दल बोललं नाही. क्लॅरी काकांना न्यायला दोघी आल्या तर ते दाराकडे हात करून म्हणाले, "आधी त्या शेजारच्या बाईला. ती रडतेय." त्यांचा ऑक्सिजन भिंतीतून येत होता, तो सोडून लगेच निघता येत नव्हतं. त्यांना बाहेर आणलं तेव्हा ओठ निळसर झाले होते. हिरवळीवर बहात्तर माणसं मोजली गेली, दोनदा. मग रुग्णवाहिका काकांना घेऊन टाउन्सव्हिलच्या इस्पितळात गेली.

अग्निशमन दलाच्या गाडीशेजारी उभी असताना नेरीनाने पहिल्यांदा आभाळाकडे बघितलं. सूर्य नुकताच गेला होता आणि आभाळ स्वच्छ होतं. पूर्वेला पिरोनेचा ऊस हिरवागार उभा होता.

सकाळी सात वाजता ती आल्डोच्या अंगणात होती. आल्डो तिच्याच वर्गातला. जिन्यात बसून बूट चढवत होता.

"काल जाळला नाहीस?"

"नाही. साडेपाचला वारा फिरला. उत्तरेचा आला. पेटवला असता तर शिवारभर गेला असता."

"मग कळवलं का नाहीस?"

"कळवलं की. जे टाकी घेऊन येणार होते त्या सगळ्यांना कळवलं."

"वृद्धनिवासाला?"

आल्डोचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "नेरीना, जाळतोय म्हणून फोन करतात. जाळत नाही म्हणून कोण फोन करतं? तुझ्या बापाने कधी केला होता?"

नव्हता केला. कुणीच करत नसे. इतक्या वर्षांत कुणाला तशी गरजच पडली नव्हती. फळ्यावरचं नाव म्हणजे फड पेटणार हे तिने धरून चाललं होतं, आणि तिच्या त्या कागदात आभाळ कुठेच नव्हतं.

"काय झालं तिकडे?" आल्डोने विचारलं. तिने सांगितलं. तो एक बूट तसाच सोडून उठला. मग म्हणाला, "चहा ठेवतो."

"नको."

"ठेवतो गं. बस."

अहवाल लिहायचा होता. तिचा आतेभाऊ एन्नियो, ज्याच्या कंपनीत ती काम करत होती, टेबलाच्या पलीकडे बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"सरळ लिही. फळ्यावर नाव होतं, परिचारिकेने रीसेट केलं. यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही."

"मग?"

"ती मुलगी तीन महिन्यांपूर्वी आलीये, एन्नियो. तिला परत पाठवतील."

"आणि तुला काय करतील? एकतीस वर्षं! गावात लोक छतात काय आहे ते बघत नाहीत, तू बसवलंय म्हटलं की झोपतात. ते सगळं एका बटणासाठी घालवणार?"

नेरीनाने कागद पुढे ओढला. तिने लिहिलं: पहिली घंटा वाजली तेव्हा मी जागेवर होते. वास घेऊन तो उसाचा आहे असं मी सांगितलं. रीसेट माझ्या सांगण्यावरून झालं. बाहेर बघितलं नाही. पॅनेलजवळची सूचना माझीच आहे आणि ती चुकीची आहे. मग सही केली आणि कागद एन्नियोकडे सरकवला. त्याने वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तू तुझ्या आईवर गेलीस," तो म्हणाला.

सालोटेची नोकरी राहिली. नेरीनाला सहा महिने स्वतःच्या कामावर एकटीने सही करायला बंदी झाली. तिच्या प्रत्येक कामावर टाउन्सव्हिलचा एक वायरमन येऊन दुसरी सही करी, आणि तो तिनेच शिकवलेला होता. पहिल्या दिवशी तो एवढा ओशाळला की शिडीच चढेना. शेवटी ती म्हणाली, "चढ बाबा. आणि बोट घाल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

ब्रिस्बेनच्या कार्यालयाचा विचार मात्र चार दिवसांत पूर्ण झाला. दुसरा डिटेक्टर बसवा.

ते काम करायच्या आधी ती टाउन्सव्हिलला गेली. काका अकरा दिवस तिथे होते. अंग निम्मं झालेलं, आवाज नळीतून आल्यासारखा. ती खुर्ची ओढून बसली आणि सगळं सांगितलं, अहवालात लिहिलं तसंच.

"नळी बरोबर होती ना?" काकांनी विचारलं.

"बरोबर होती."

"छिद्रं वाऱ्याकडे?"

"वाऱ्याकडे."

"मग डबीने तिचं काम केलं."

"हो. दोन्ही वेळा. मी नाही केलं."

काका छताकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता ते म्हणतील की असू दे. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी मेलो असतो, पोरी."

"माहिती आहे."

"तुला माहिती आहे हे मला माहिती आहे. तरी एकदा म्हणायचं होतं." मग त्यांनी हात पुढे केला. तिने धरला. "आता सांग, तो दुसरा कुठे बसवणार आहेस?"

तिने हवेतच डक्ट काढून दाखवला. जाळीपासून किती लांब, वळणानंतर वारा सरळ कुठे होतो, कुठे नाही. काका मधेच म्हणाले, "तिथे नको, तिथे पावसाचं पाणी येईल." पाणी येणार होतं खरं. तिने जागा बदलली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा त्या पोकळीत पालथी पडली होती. खाली मिसेस ऑलरटन रेडिओचा आवाज मोठा करून बसल्या होत्या, ड्रिलशी स्पर्धा. नेरीनाने भोक पाडलं, कडा घासल्या, बोट ओलं करून घातलं. डाव्या बाजूला गार लागलं. नळी सरकवली. मग ती खाली उतरली, बाहेर गेली आणि जाळीतून आत येणारा वारा धाग्याचं टोक धरून पुन्हा बघितला. मग पुन्हा चढली. टाउन्सव्हिलच्या वायरमनने घड्याळाकडे बघितलं आणि शिडी धरली.

आठ दिवसांनी आल्डोने फड पेटवला. या वेळी त्याने फोन करून सांगितलं, आणि पेटवल्यावर पुन्हा सांगितलं. हिरवळीवर नेरीना, ग्वेन्डा आणि सालोटे उभ्या होत्या. पूर्वेकडे आभाळ लाल झालं, पाचटाचा तडतडाट इथपर्यंत ऐकू आला, आणि धुराचा पट्टा वृद्धनिवासावरून गेला. छतात खट् असा एक आवाज झाला. बाहेरच्या हवेची झडप बंद झाली होती. घंटा वाजली नाही. आत जेवणाच्या खोलीत चमच्यांचा आवाज तसाच चालू होता.

"एवढंच?" ग्वेन्डा म्हणाली.

"एवढंच."

"यासाठी वर्षभर विचार करत होते?"

फळ्यावर आता दोन रकाने आहेत, जाळणार आणि रद्द. शेतकरी दोन्हीसाठी फोन करतात. आल्डो जरा जास्तच करतो. डिसेंबरात, कारखाना बंद झाल्यावर, मुसळधार पावसात त्याचा फोन येतो, "आज जाळत नाहीये. लिहून ठेवा." सालोटे ते खरंच लिहून ठेवते. नेरीनाचा जुना कागद काढून टाकला. नव्या कागदात ठळक अशी एकच ओळ आहे: घंटा वाजली की बाहेर. रीसेट कुणी करायचं ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आणि त्यात परिचारिकेचं नाव नाही.

काका परत आले. सात नंबरच्याच खोलीत. आता बोलताना मधे थांबतात, पण बोलतात.

तरी नेरीनाच्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. तिने त्या महिन्यात फड जाळायची परवानगी देणाऱ्या तालुक्याच्या वॉर्डनकडे जाऊन परवाने बघितले. त्या गुरुवारी, तो उत्तरेचा वारा सुटल्यामुळे, नदीच्या दोन्ही बाजूंना एकाही माणसाने काडी ओढली नव्हती. तिने तिघाचौघांना घरी जाऊन विचारलं. नाही. आदल्या दिवशी? आदल्या दिवशी एक, पण तो वीस किलोमीटरवर. गाळणीत हंगामभराची काजळी साचलेली होती, गरम हवेने तिचाच वास सुटला असेल, असंही तिला वाटलं. पण गाळणी तपासणीसाठी गेली ती परत आली नाही. तिने सालोटेला विचारलं, "तुला त्या दिवशी कसला वास आला होता?"

सालोटेने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "तुम्ही ऊस म्हणालात ना ताई, मग मलाही आला."

काकांना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या नाकाला नळी. तरी एका गुरुवारी तिने त्यांनाच विचारलं. पडदे उघडे होते. आता ते उन्हातही उघडेच असतात.

"मला आला होता, काका. शपथेवर सांगते, गुळाचा, करपट, घशात बसणारा. आजही आठवतो. आणि त्या दिवशी कुठेच ऊस जळत नव्हता."

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "मग?"

"मग एवढंच कुणीतरी सांगा मला. फळ्यावर आल्डोचं नाव नसतं, तर मला कसला वास आला असता?"